शब्दसंस्कारित मजकुराची अक्षरजुळणी

वर्ड प्रोसेसर म्हणजेच शब्दसंस्कारक यंत्रावर किंवा आज्ञावलीत तयार झालेला मजकूर पुन्हा न जुळविता थेट मुद्रणयोग्य पृष्ठांत समाविष्ट करण्याची प्रक्रिया. अनेक लेखकांनी स्वतंत्रपणे लिहिलेली प्रकरणे, कोष्टके व परिशिष्टे एकत्र करून शासकीय किंवा शास्त्रीय अहवाल सिद्ध करताना तिचे महत्त्व विशेष जाणवते. मजकूर जितक्या वेळा नव्याने जुळवावा लागतो तितक्या वेळा वेळ व खर्च वाढतो, तसेच नव्या चुका शिरण्याचा संभव असतो. हे टाळणे हा या प्रक्रियेचा मूळ हेतू होय.

ऑटमार मर्गेनथालर यांचे लायनोटाइप यंत्र १८८६ मध्ये न्यूयॉर्क ट्रिब्यून या वृत्तपत्राच्या छापखान्यात वापरात आले. त्यामुळे जुळणीचा वेग वाढला. परंतु लेखकाने टंकलिखित केलेली प्रत जुळाऱ्याला कळफलकावर पुन्हा जुळवावीच लागे. मोनोटाइप यंत्रात कळफलक व ओतकामाचे यंत्र वेगळे करण्यात आले व त्यांच्यातील दुवा म्हणून छिद्रित कागदी फीत आली. धातूच्या टंकाहून निराळ्या रूपात मजकूर साठविण्याची कल्पना अशा रीतीने रूढ झाली. आयबीएम कंपनीने १९६४ मध्ये चुंबकीय फितीचा टंकलेखक बाजारात आणला. त्यावर मजकूर साठविता येई, दुरुस्त करता येई आणि पुन्हा टंकलिखित करून घेता येई. तथापि त्याचे संकेत त्याच यंत्रासाठी होते. अक्षरजुळणी यंत्राला ते उमगत नसत.

मजकूर एका यंत्रातून दुसऱ्यात नेणे वरवर सोपे भासले, तरी त्यात अनेक अडचणी होत्या. टंकलेखक प्रत्येक ओळीच्या शेवटी ओळ तोडत असत. मुद्रित पृष्ठाची ओळ निराळ्या लांबीची असल्याने हे खंड काढून टाकावे लागत. रोमन लिपीत एक या अंकाऐवजी ‘एल’ आणि शून्याऐवजी ‘ओ’ हे अक्षर वापरण्याची सवयही सर्वत्र होती. वर्डस्टार (१९७८) ही आज्ञावली शब्दाच्या शेवटच्या अक्षराच्या संकेतातील आठवा अंक स्वतःच्या कामासाठी वापरी. परिणामी दुसऱ्या प्रणालीत प्रत्येक शब्दाचे अखेरचे अक्षर विकृत दिसे. यापेक्षाही मूलभूत अडचण अशी, की ठळक केलेली ओळ शीर्षक आहे की केवळ भर दिलेले वाक्य, हे फाइलीवरून कळत नसे.

यावर उपाय म्हणून मजकुरातच खुणा घालण्याची पद्धत विकसित झाली. जेरोम सॉल्टझर यांनी १९६४ मध्ये एमआयटी या संस्थेत ‘रनऑफ’ ही आज्ञावली रचली. तिच्या परंपरेत बेल प्रयोगशाळेतील जोसेफ ओसाना यांनी १९७३ मध्ये ‘ट्रॉफ’ ही प्रकाशाक्षरजुळणी यंत्र चालविणारी प्रणाली तयार केली. कोष्टकांसाठी व गणिती समीकरणांसाठी तिला स्वतंत्र पूरक आज्ञावल्या लाभल्या. डॉनल्ड कनूथ यांना १९७७ मध्ये आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते असमाधानकारक वाटली व त्यातून ‘टेख’ ही प्रणाली निर्माण झाली. अशा प्रणालींत मुख्य फाइलीतील एका आज्ञेने इतर प्रकरणांच्या फायली योग्य जागी ओढून घेता येतात. दुसरीकडे चार्ल्स गोल्डफार्ब व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये सुरू केलेल्या कामातून मजकुराचे रूप नव्हे, तर घटकांचे स्वरूप दर्शविणारी एसजीएमएल ही भाषा आकारास आली. १९८६ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला.

या बदलाची सामाजिक किंमत मोठी होती. न्यूयॉर्कमधील जुळाऱ्यांच्या संघटनेने १९७४ मध्ये आजीवन नोकरीच्या हमीच्या बदल्यात स्वयंचलनास संमती दिली आणि २ जुलै १९७८ रोजी न्यूयॉर्क टाइम्सची धातुजुळणी थांबली. लंडनच्या टाइम्स वृत्तपत्राचे प्रकाशन डिसेंबर १९७८ पासून सुमारे वर्षभर बंद राहिले. वार्ताहरांनी स्वतः मजकूर यंत्रात घालावा काय, हा त्या तंट्यातील एक प्रमुख प्रश्न होता. १९८६ मध्ये हे वृत्तपत्र वॉपिंग येथे हलविले गेले, तेव्हा संपावर गेलेल्या हजारो मुद्रणकामगारांना कामावरून काढून टाकण्यात आले. पिढ्यान्‌पिढ्या जुळाऱ्याकडे असलेले कसब व त्यासोबतची दुरुस्तीची जबाबदारी अशा रीतीने लेखक व संपादक यांच्याकडे गेली.

पोस्टस्क्रिप्ट (१९८४) व पेजमेकर (१९८५) यांमुळे पृष्ठरचना छोट्या कार्यालयांच्या आवाक्यात आली. मायक्रोसॉफ्टने १९८७ मध्ये आरटीएफ हे विनिमयाचे स्वरूप मांडले व त्याच वर्षी शिकागो विद्यापीठाच्या मुद्रणालयाने संगणकीय हस्तलिखितांविषयी मार्गदर्शिका काढली. एक्सएमएल (१९९८) या भाषेच्या आधारावर पुढे कार्यालयीन दस्तऐवजांची दोन आंतरराष्ट्रीय मानके २००६ व २००८ मध्ये प्रसिद्ध झाली.

मराठी मजकुराबाबत प्रश्न अधिक बिकट होता. देवनागरीचे अनेक टंक रोमन अक्षरांच्या जागी आपापल्या क्रमाने अक्षरखंड ठेवीत असल्याने एका टंकातील फाइल दुसऱ्यात निरर्थक चिन्हे दाखवी. इस्की हे भारतीय मानक १९९१ मध्ये आले आणि त्याच वर्षी पहिली आवृत्ती निघालेल्या युनिकोडचा प्रसार पुढे झाला. तथापि जुन्या टंकांतील मजकुराचे रूपांतर करताना रफार, ऱ्हस्व इकार व जोडाक्षरे यांची जागा चुकू शकते. म्हणून रूपांतरित मजकुराचेही मुद्रितशोधन मूळ प्रतीशी ताडून करणे आवश्यक ठरते.