तळटीप १४ : मोटेची धाव
१४. धाव : विहिरीच्या काठापासून उतरत जाणारी बैलांची वाट. कातडी मोट जाड नाड्याने विहिरीत सोडत. नाडा काठावरच्या चाकावरून बैलांच्या जुवापर्यंत येई. बैल धाव उतरले की मोट वर येऊन थारोळ्यात रिकामी होई आणि बैल उलट्या पावली माघारी येत. सातारा जिल्ह्यातील लिंब येथील अठराव्या शतकातली विहीर ‘बारा मोटेची विहीर’ म्हणूनच ओळखली जाते.

काठावरचे चाक म्हणजे स्थिर कप्पी. तिचा यांत्रिक फायदा १. म्हणजे घर्षण सोडले तरी १५० किलोची मोट उचलायला तितकीच ओढ लागते. कप्पी फक्त ओढीची दिशा बदलते.

खरी मदत उताराची. बैलजोडीचे वजन ८०० किलो आणि उतार १० अंशांचा धरला, तर त्या वजनातला सुमारे १३९ किलोंचा भार उताराच्या दिशेने आपसूक कामी येतो. परतताना मात्र तेच वजन बैलांना चढावर न्यावे लागते, त्यामुळे धाव फार उभी करूनही चालत नसे. प्रस्तुत उताऱ्यात धावेच्या उतारावरून दोघा भावांत वाद होतो, तो यामुळे.