३२ बाइटांचे नाव: एका जुन्या चुकीचा इतिहास

१/
नोव्हेंबर २००६. एका लॅपटॉपचे वाय-फाय सुरू आहे, पण तो कोणत्याही नेटवर्कला जोडलेला नाही. मालकाने काहीही उघडलेले नाही. तरीही रेडिओलहरींच्या टप्प्यात बसलेला अनोळखी माणूस त्या यंत्राचा ताबा घेऊ शकत होता. विशेष म्हणजे, या प्रकारचा दोष तेव्हा ३४ वर्षे ज्ञात होता. त्याचा हा इतिहास.

२/
बाहेरून येणारी माहिती ठेवण्यासाठी प्रोग्राम स्मृतीत ठरावीक मापाची जागा राखतो. ती जागा म्हणजे बफर. अधोलीत पायलीभर धान्य ओतले तर दाणे सांडतात. संगणकात सांडलेले दाणे शेजारच्या जागेत पडतात आणि तिथला मजकूर पुसतात. तिथे ‘यानंतर कुठे जायचे’ हा पत्ता असेल, तर पाठवणारा तो आपल्या सोयीने बदलू शकतो.

३/
१९७२ साली जेम्स अँडरसन यांनी अमेरिकी हवाई दलासाठी लिहिलेल्या अहवालात हा धोका नोंदवला होता: माहिती हलवताना पत्ते नीट तपासले नाहीत, तर प्रणालीच्या गाभ्यावरच परके लेखन होऊ शकते. अहवाल उपलब्ध होता, पण प्रोग्राम लिहिण्याची रीत बदलली नाही.

४/
२ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेलचा विद्यार्थी रॉबर्ट मॉरिस याने सोडलेला ‘वर्म’ इंटरनेटवर पसरला. त्याचा एक मार्ग असा: ‘फिंगर’ सेवेने ५१२ बाइटांची जागा राखली होती, वर्मने ५३६ बाइट पाठवले. ओळ वाचणारे ‘गेट्स’ हे फंक्शन लांबी तपासतच नसे. ते सी भाषेच्या मानकातून वगळले गेले २०११ साली!

५/
यातून सर्व्हर सांभाळणारे सावध झाले. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांचा समज मात्र वेगळा होता: आपले संभाषण नेटवर्क कार्डाशी, म्हणजे घरातल्याच उपकरणाशी. परंतु कार्ड केवळ निरोप्या असते. त्याने आणलेल्या पॅकेटमधील प्रत्येक बाइट परक्याने लिहिलेला असू शकतो. शिवाय ड्रायव्हर बहुधा कर्नलमध्ये, म्हणजे सर्वोच्च अधिकाराने चालतो.

६/
आता पुन्हा २००६. वाय-फाय नेटवर्कचे नाव जास्तीत जास्त ३२ बाइटांचे असावे, असे मानक सांगते. पण पॅकेटमध्ये त्या नावाची लांबी सांगायला एक बाइट असतो, आणि त्यात २५५ पर्यंतचा आकडा मावतो. ब्रॉडकॉमच्या विंडोज ड्रायव्हरने तो आकडा खरा मानला. आसपासची नेटवर्के शोधताना आलेल्या उत्तरात लांबलचक नाव असले, की स्टॅकवरील बफर ओसंडत असे.

७/
धोका फक्त मोठ्या आकड्याचा नसतो. २००९ साली लिनक्समधील इंटेलच्या ‘ई१०००’ ड्रायव्हरमध्ये उलट दोष सापडला. आलेल्या फ्रेमच्या लांबीतून शेवटचे ४ बाइट वजा केले जात, पण मुळात लांबी तेवढी आहे का, हे तपासले जात नसे. ऋण संख्या ठेवता न येणाऱ्या जागेत ती वजाबाकी प्रचंड मोठी संख्या होऊन बसे.

८/
मग उपाय काय? पहिला आणि साधा: नक्कल करण्यापूर्वी दोन प्रश्न. सांगितलेली लांबी प्रत्यक्ष आलेल्या पॅकेटमध्ये बसते का? आणि आपल्या बफरमध्ये मावते का? एकाचेही उत्तर ‘नाही’ असेल, तर पॅकेट टाकून द्यावे.

९/
माणूस चुकतो, म्हणून पुढच्या तटबंद्या. १९९८ च्या ‘स्टॅकगार्ड’ने परतीच्या पत्त्याआधी एक खूणसंख्या ठेवली. ती बदललेली दिसली की प्रोग्राम थांबतो. तिचे नाव ‘कॅनरी’, कोळशाच्या खाणीत विषारी वायूची सूचना देणाऱ्या पक्ष्यावरून. ‘आयओएमएमयू’ हे हार्डवेअर कार्डाला नेमून दिलेल्या स्मृतीबाहेर लिहू देत नाही.

१०/
डिसेंबर २०२२ मध्ये लिनक्स ६.१ ने रस्ट भाषेला प्रवेश दिला, आणि २०२४ च्या ६.८ मध्ये रस्टमधील नेटवर्क ड्रायव्हर आला. या भाषेच्या सुरक्षित भागात मर्यादेबाहेरचे लेखन आपोआप अडवले जाते. म्हणजे तपासणी लिहिणाऱ्याच्या स्मरणावर अवलंबून राहत नाही.

११/
१९७२, १९८८, २००६: तिन्ही वेळी अज्ञान हे कारण नव्हते. धडा जिथे घाव बसला तिथेच शिकला गेला, शेजारच्या दालनात पोहोचला नाही. ज्ञान कधी नोंदले गेले आणि ते रीत कधी बनले, या दोन तारखा वेगळ्या असतात. तंत्रज्ञानाचा इतिहास वाचताना दोन्ही शोधाव्यात. बहुतेक अपघात त्यांच्या मधल्या अंतरात सापडतात.