बडोद्याचे कलाभवन आणि सरकारचे धोरण

१८९० हे साल धंदेशिक्षणाच्या इतिहासात आम्हांला विशेष अर्थपूर्ण वाटते. त्या वर्षी पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने औद्योगिक परिषद भरली आणि त्याच वर्षी बडोद्यास कलाभवनाची स्थापना झाली. पुण्यात उद्योगधंद्यांवर निबंध वाचले गेले. बडोद्यात मुलांच्या हाती रंधा आणि रंगाची भांडी देण्यात आली. असे म्हणण्यात रानड्यांना उणेपणा आणण्याचा आमचा हेतू नाही. त्यांच्यापाशी विचार होता, सयाजीरावांपाशी खजिना होता, आणि विचाराला खजिन्याची जोड मिळाल्यावर काय घडते व काय घडत नाही, हेच आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

प्रथम इंग्रजी मुलखाकडे पाहू. पुण्यास १८५४ साली इंजिनिअरिंगचा वर्ग निघाला, त्याचेच पुढे १९११ साली इंजिनिअरिंग कॉलेज झाले. पण तो निघाला तो सरकारच्या बांधकाम खात्याला हाताखालची माणसे हवी होती म्हणून. रस्ते आणि पूल बांधण्यापुरते शिक्षण, आणि शिक्षणानंतर सरकारी चाकरी, असा तो सरळ हिशेब होता. १८८२ च्या हंटर कमिशनने त्यापुढे जाऊन सुचविले, की हायस्कूलच्या वरच्या वर्गांत दोन वाटा असाव्यात: एक विद्यापीठाकडे जाणारी, दुसरी व्यवहाराकडे. सूचना फार शहाणपणाची होती. परंतु दुसऱ्या वाटेने जाणाऱ्या मुलाला पुढे काय मिळणार, हे मात्र कोणी सांगितले नाही. मुंबई इलाख्यात 'स्कूल फायनल'ची परीक्षा आली आणि ती कारखान्याचे दार न होता कचेरीतल्या कारकुनीचे दार झाली. आईबापांना आम्ही दोष देत नाही. ज्या दारामागे पगार दिसतो, तेच दार माणूस ठोठावतो.

लॉर्ड रे यांच्या कारकिर्दीत वारे थोडे बदलले. १८८७ साली मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली, ती सरकारी मदत आणि सर दिनशा पेटिटांसारख्या गिरणीवाल्यांचा उदारपणा यांच्या जोरावर. गिरण्यांना माणसे हवी होती, म्हणून या संस्थेचा जम बसला. पण याच संस्थेत यंत्रचित्रकला शिकविणारे एक मराठी शिक्षक बढतीच्या वेळी डावलले गेले आणि नोकरी सोडून बेळगावास निघून गेले. ते लक्ष्मणराव किर्लोस्कर. सायकलींपासून आरंभ करून ते लोखंडी नांगरापर्यंत आले आणि १९१० साली त्यांना कारखान्यासाठी माळरान दिले ते औंधच्या संस्थानिकांनी. शिकविणारी संस्था इंग्रज सरकारच्या राज्यातली, जमीन देणारा राजा मात्र लहानशा औंधचा, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आता कलाभवनाकडे वळू. त्याचे प्राण होते प्रोफेसर त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर. सुरतेकडचे हे गृहस्थ. गज्जर हे आडनावच सुतारांचे. म्हणजे हत्याराची ओळख घरातली आणि रसायनशास्त्राची ओळख कॉलेजातली, असा दुर्मिळ योग त्यांच्या ठिकाणी जुळून आला होता. ते बडोदा कॉलेजात रसायन शिकवीत असत. सुरतेची रंगाई त्यांनी लहानपणापासून पाहिली होती आणि तिच्यावर कोणते संकट येत आहे, हेही त्यांना दिसत होते. १८६८ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी मंजिष्ठेच्या जातीतल्या मुळांत असणारा तांबडा रंग, अलिझारिन, प्रयोगशाळेत बनविला होता. पुढे १८९७ साली कृत्रिम नीळही बाजारात आली. पिढ्यान्‌पिढ्या मुळे उकळून रंग काढणाऱ्या रंगाऱ्याचे ज्ञान त्याच्या डोळ्यांदेखत कवडीमोल होत होते. गज्जरांचे म्हणणे असे, की हा रंगारी अडाणी नाही. त्याला फक्त नव्या रंगाचे रसायन त्याच्याच भाषेत कोणी सांगितलेले नाही.

'त्याच्याच भाषेत' हे शब्द महत्त्वाचे. कलाभवनात शिक्षण गुजरातीतून द्यावे, हा गज्जरांचा आग्रह होता आणि सयाजीरावांनी तो उचलून धरला. रंगाई, छपाई, सुतारकी, यंत्रकाम, बांधकाम, चित्रकला असे विषय होते. पण पुस्तके कुठे होती? गज्जरांनी शास्त्रीय आणि औद्योगिक विषयांची ग्रंथमाला देशी भाषेत काढण्याचे योजिले, परिभाषेच्या कोशाचा घाट घातला. आज जे काम समित्या नेमून वर्षानुवर्षे चालते, ते या माणसाने रंगाच्या भांड्यापाशी उभे राहून आरंभिले. ते पुरते तडीस गेले नाही. १८९६ साली गज्जर बडोदे सोडून मुंबईस गेले. संस्था राहिली, तिची खातीही वाढली. परंतु प्रयोगशाळा, भाषा आणि कारागीर यांना एकत्र बांधणारा हात गेला. राजाश्रयाने चालणाऱ्या कामाचे हे दुखणे जुनेच आहे.

गज्जरांचा मुंबईतला एक किस्सा सांगितल्यावाचून राहवत नाही. चाफेकर बंधूंनी १८९६ साली राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासले. डाग काही केल्या निघेना. अखेर तो पुतळा स्वच्छ केला तो गज्जरांनी! देशी शिक्षणाचा कैवारी, आणि त्याची सरकारदरबारी कीर्ती झाली ती राणीचे तोंड धुण्यामुळे. १९०७ साली अलेंबिक या रसायनांच्या कारखान्याची उभारणी झाली, तीत गज्जरांबरोबर त्यांचे शिष्य कोटिभास्कर आणि अमीन हे होते, आणि पुढे हा कारखाना बडोद्यासच नांदला.

कलाभवनाने आपल्याला काय दिले, असे कोणी विचारील तर एकच नाव पुरे. त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके तेथे छायाचित्रण आणि इतर कला शिकले, आणि १९१३ साली त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला. चलच्चित्राचा विषय कलाभवनाच्या कोणत्याही अभ्यासक्रमात नव्हता, असूही शकत नव्हता. रसायन, यंत्र आणि चित्रकला एका छपराखाली होती, एवढेच.

स्वातंत्र्यानंतरची हकीगत थोडक्यात सांगतो. १९५० साली कारागीर प्रशिक्षणाची योजना निघाली, १९५६ साली औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचा कारभार राज्यांकडे आला, १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यांवर उमेदवार घेण्याचे बंधन पडले. याआधीचा कायदा १८५० चा होता, आणि तो अनाथ व गरीब पोरांची सोय लावण्यासाठी! हाताचे काम म्हणजे निराधारांचे काम, ही समजूत कायद्यातून गेली तरी मनातून गेली नाही. आम्ही शिकलो त्या शाळेत सुतारकामाचा तास होता. तो बहुधा गणिताच्या मास्तरांना उरलेला धडा संपविण्यासाठी दिला जाई, आणि करवती कपाटात गंजत.

१९८३ साली महाराष्ट्रात वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. तंत्रशिक्षणाचे दार त्यामुळे पुष्कळ रुंद झाले, पण ते पदवीच्या बाजूचे. ज्याला फी परवडत नाही, त्याच्या वाट्याला आय. टी. आय. उरले. आमच्या मते त्या मुलासाठी झालेली सर्वांत मोलाची गोष्ट एका साध्या प्रवेश-नियमात आहे: आय. टी. आय.चा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केलेल्यास पदविकेच्या दुसऱ्या वर्षात घेता येते, आणि पदविकाधारकास पदवीच्या दुसऱ्या वर्षात. हंटर कमिशनची दुसरी वाट आंधळी होती; हिला निदान पलीकडे रस्ता आहे.

भाषेचा प्रश्न मात्र तिथेच अडला आहे. १९४९ साली बडोद्यास विद्यापीठ झाले, कलाभवन त्याची अभियांत्रिकी विद्याशाखा झाले आणि शिक्षण इंग्रजीत गेले. प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकीची पदवी शिकविण्यास अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मुभा दिली ती २०२१ साली, म्हणजे कलाभवन सुरू झाल्यावर एकशे एकतीस वर्षांनी. आता पुस्तके लिहिण्याचे काम पुन्हा नव्याने सुरू आहे.