अर्धा कोयता

हिंगोलीचें नांव निघालें म्हणजे इतिहासाच्या अभ्यासकास निजामाच्या कंटिंजंट फौजेची छावणी आठवते, आणि भाविकास औंढ्याचा नागनाथ. परंतु दसरा-दिवाळी सरल्यावर या जिल्ह्याच्या कोरडवाहू खेड्यांतून जीं कुटुंबें बिऱ्हाड बांधून ऊसतोडीस निघतात, त्यांची नोंद आमच्या इतिहासग्रंथांत सांपडणें कठीण.

ही वाट फार जुनी नव्हे. प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याचें गळीत १९५०-५१ च्या हंगामांत सुरू झालें. पुढें पश्चिम महाराष्ट्रांत कारखान्यांची रांग लागली, आणि १९७२ च्या दुष्काळानें मराठवाड्यांतील कितीतरी कुटुंबांना तिकडे लोटलें. हिंगोली तेव्हां परभणी जिल्ह्यांत मोडत असे. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजीं.

तोडणीचा सारा व्यवहार 'कोयता' या शब्दावर उभा आहे. येथें कोयता म्हणजे हत्यार नव्हे, नवराबायकोचें जोडपें. एकटें माणूस असेल तर तो 'अर्धा कोयता'. मुकादम हंगामापूर्वीं 'उचल' देतो ती जोडप्याची म्हणून. हातीं पडते बहुधा नवऱ्याच्या, आणि फेडावी लागते दोघांच्या अंगमेहनतीनें. बाई पहाटे कोपींतली चूल पेटविते, दिवसभर फडांत राबते, आणि ट्रक रात्रीं आला तर डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून वर चढते. न्हाण्यास आडोसा नाहीं, शौचकूप नाहीं. विटाळ असो वा बाळंतपण, घरीं राहिलें कीं 'खाडा' पडतो : मजुरी बुडते ती बुडतेच, वर दंडही भरावा लागतो.

या खाड्यावरून आम्हांस मॉरिशस आठवतें. तेथील उसाच्या मळ्यांवर १८३४ पासून गिरमिटावर गेलेल्या मजुरांत कोंकणचे मराठी लोकही होते. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचें वेतन कापण्याची चाल तेथें होती. मात्र गिरमिटावर मजुराचें स्वतःचें नांव तरी असे. मुकादमाच्या वहींत बाईचें तेवढेंही नसतें.

२०१९ सालीं बीड जिल्ह्यांतील ऊसतोड स्त्रियांचीं गर्भाशयें काढल्याचा बोभाटा झाला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं समिती नेमली गेली. तपासलेल्या सुमारें ८२ हजार स्त्रियांपैकीं १३ हजारांहून अधिक जणींवर ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. चाळिशीच्या आंतील त्यांत पुष्कळ. सारें खापर डॉक्टरांच्या लोभावर फोडणें सोपें आहे, आणि तो लोभ आम्ही नाकारीत नाहीं. परंतु ज्या बाईस चार दिवस बसण्याची मुभा नाहीं व धुण्यास स्वच्छ पाणी नाहीं, तिला तो सल्ला पटावा, हें त्या दंडाच्या हिशेबांतच होतें.

हिंगोलीच्या बायकांचें दुखणें निराळें नाहीं. वही तीच आहे. आणि कायदा? स्थलांतरित मजुरांसाठीं १९७९ सालीं जो केंद्रीय कायदा झाला, तो राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांपुरताच होता. हिंगोलीहून कोल्हापुरास गेलेली बाई त्याच्या लेखीं स्थलांतरित नव्हती. थोडें पुढें, निपाणीकडच्या फडांत नेली असती, तर होती.