पगार कोणाच्या हाती?

सन १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरविली. आठवड्याची सुटी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती या मागण्या आपल्याला माठाऊक आहेत. त्यांच्याबरोबर आणखी एक मागणी होती : पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. सुमारे साडेपाच हजार कामगारांनी त्या अर्जाला पाठिंबा दिला. पगार लांबला म्हणजे घर वाण्याच्या उधारीवर चाले, आणि हाती आलेल्या पैशांतून मुकादमाची दस्तुरी द्यावी लागे, ती वेगळीच. रविवारची सुटी १८९० साली पदरात पडली. पगाराच्या तारखेला कायद्याचा आधार मिळण्यास मात्र १९३६ साल उजाडले.

त्या वेतन कायद्याने हजाराहून कमी कामगार असतील तेथे सात तारखेच्या आत, इतरत्र दहाच्या आत, आणि तोही नाण्यांत किंवा नोटांत पगार देण्याचे बंधन घातले. धान्य, कापड वा दुकानाची चिठ्ठी हाती देऊन मालकाने मोकळे होऊ नये, हा हेतू. इंग्लंडात असाच कायदा १८३१ साली झाला होता. रोख पैसा ही त्या काळी कामगाराची ढाल होती.

१९७५ साली, कामगाराने लेखी संमती दिली तर, धनादेशाने किंवा बँकेतून पगार देण्याची मुभा मिळाली. नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर त्याच वर्षी २८ डिसेंबरला वटहुकूम निघाला, २०१७ साली कायदा झाला आणि संमतीची अट गेली. अमुक आस्थापनांनी केवळ धनादेशाने वा बँकेतूनच पगार द्यावा, असे फर्माविण्याचा अधिकार सरकारला आला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्याच्या जागी वेतन संहिता आली, तीतही तो अधिकार कायम आहे.

सरकारी नोकराचा पगार खात्यावर जातो, याला माझी हरकत नाही. पूर्वी पगारपत्रकावर तिकीट लावून सही करावी लागे. आता ती रांग नाही. पण हे सुरळीत चालते, कारण त्याचे नाव, हुद्दा आणि वेतनश्रेणी दप्तरात आहे.

ठेकेदाराकडे झाडलोट करणाऱ्या काही बायांचे प्रकरण एकदा आमच्याकडे आले. पगार बँकेत जमा होई. कार्डे मात्र ठेकेदाराच्या माणसाच्या खिशात. तो पैसे काढी, आपला हिस्सा ठेवी, उरलेले बायांच्या हातावर टेकवी. विचारले तर म्हणाला, "बायकांना मशीन चालवता येत नाही, साहेब." गंमत अशी की, तेच पासबुक पुढे आमच्या कामी आले. किती जमा झाले, कधी निघाले, सारे छापलेले! रोखीच्या कागदावर नुसता अंगठा असता, तर आम्ही काय दाखविणार होतो?

आता आपल्या हुपरीकडे पाहा. चांदी वजनाने घरी येते, पैंजण वजनाने परत जातात. मजुरीतून घट आणि उचल वळती होते. घरातली बाई दिवसभर कड्या जोडते, हिशेब होतो तो नवऱ्याच्या नावाने. कोणत्याही हजेरीपटावर तिचे नाव नाही. मग खाते सक्तीचे करायचे ते कोणाचे? मी पाहिलेल्या तंट्यांत दोन वह्या निघत, एक मालकाची आणि एक कारागिराची. आकडे जुळत नसत, आणि मालकाची वहीच खरी धरली जाई. बाईची वही मी अजून पाहिलेली नाही.