नवेगावबांध : तलावाकाठचा धावमार्ग

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नवेगावबांध येथील तलावाकाठची वाट. हा जलाशय अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचे परंपरा सांगते. सभोवतालच्या डोंगरशिखरांना 'सात बहिणी' म्हणतात. डोंगरांमधल्या खिंडी मातीच्या बांधांनी, म्हणजे पाळींनी, अडवून सुमारे 11 चौ. किमी. क्षेत्रात पाणी साठवले गेले. धावण्याच्या दृष्टीने या वाटेचे मोल केवळ देखाव्यात मोजणे अपुरे आहे. पाळ म्हणजे कोहळी समाजाच्या जलविद्येचा उभा पुरावा, आणि पाळीवरून धावताना एका बाजूला साठा, दुसऱ्या बाजूला त्यावर पिकणारी धानाची बांधी असा सारा हिशेब एका नजरेत कळतो. स्वित्झर्लंडच्या व्हाले परगण्यातही डोंगरउतारावरील जुन्या पाटांच्या देखभालीसाठी केलेल्या वाटाच आज पदभ्रमणाचे मार्ग झाल्या आहेत.

धावणाऱ्यांमुळे पाणपक्षी बुजतील, हा आक्षेप खरा आहे. हिवाळ्यात येथे स्थलांतरित पक्षी उतरतात. तेव्हा काठाच्या दलदलीपासून दूर राहणे आणि गोंगाट टाळणे हाच उपाय. लगतचे जंगल 2013 पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आहे, म्हणून धाव गावाजवळच्या पाळीपुरती आणि पुरेशा उजेडातच असावी. एवढ्या मर्यादेने मार्ग आखूड होतो खरा, पण इथले पाहण्याजोगे बांधकाम त्या टप्प्यातच आहे.