बेकारांचा सरकारी अंदाज

सरकारने एखादी मदत जाहीर करावयाचे ठरविले की तिजोरी सांभाळणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो : घेणारे किती येतील? प्रश्न वाजवी आहे. पंगत घालायची तर पाने किती मांडायची, हे घरची बाईदेखील आधी ठरविते. पण अंदाजापेक्षा माणसे जास्त आली तर भात वाढवायचा, की "तू खरोखर उपाशी आहेस काय?" असे विचारून एकेकाला पानावरून उठवायचे, येथे यजमानाची परीक्षा होते. इंग्लंडच्या बेकारी विम्याचा इतिहास म्हणजे अशाच एका परीक्षेचा इतिहास आहे.

१९११ साली तेथे हा विमा कायद्याने सुरू झाला. बांधकाम, जहाजबांधणी, यंत्रकाम अशा निवडक धंद्यांतील सुमारे साडेबावीस लाख कामगार त्यात आले. कामगाराने आठवड्याला अडीच पेन्स भरायचे, मालकाने तितकेच, आणि दोघांच्या बेरजेच्या एक तृतीयांश सरकारने. काम सुटले तर आठवड्याला सात शिलिंग, तेही वर्षातून फार तर पंधरा आठवडे.

हा हिशेब बसविण्यासाठी बेकार किती असतात हे कळायला हवे होते, आणि सरकारजवळ त्याची स्वतःची मोजणी नव्हती. ती होती मजूरसंघांच्या वह्यांत. संघ आपल्या बेकार सभासदांना वर्गणीतून भत्ता देत, म्हणून कोण कधी बसला याची नोंद ठेवीत. त्या नोंदींप्रमाणे १९०८ साली शंभरात जवळजवळ आठ बेकार होते, १९१३ साली केवळ दोन. राज्यकर्त्यांच्या गणिताचा पाया कामगारांच्या पैशापैशाच्या हिशेबावर उभा राहिला, ही गोष्ट आम्हा संघटनेच्या माणसांना अभिमानाची वाटते. मात्र या वह्यांत भरणा कुशल कामगारांचा होता. रोज सकाळी गोदीच्या फाटकाशी उभा राहणारा हमाल त्यांत क्वचितच असे. ज्याची नोंद नाही, तो अंदाजात कोठून यावा?

युद्धानंतर तेजी असताना, १९२० साली, विमा एक कोटीहून अधिक कामगारांना लागू केला गेला. निधीत दोन कोटी पौंडांवर शिल्लक होती. पण १९२१ च्या जूनमध्ये विमेदार बेकारांची संख्याच वीस लाखांवर गेली. निधी आटला, कर्ज काढावे लागले. १९२७ साली एका सरकारी समितीने पुढील काळासाठी सरासरी सहा टक्के बेकारी धरली. प्रत्यक्षात ती त्या वर्षी दहाच्या जवळ होती आणि १९३२ साली बावीसच्या आसपास.

अंदाज चुकणे हा गुन्हा नव्हे. परंतु चुकलेला आकडा सुधारण्याऐवजी सरकारने दाराशी आलेली माणसे कमी करण्याचा मार्ग धरला. १९२१ साली अट घातली की अर्जदाराने आपण मनापासून काम शोधीत आहो हे स्वतः सिद्ध करावे. जेथे गिरण्या आणि खाणीच बंद, तेथेही काल कोणकोणत्या दाराशी गेलास असे विचारले जाई. १९३० साली अट उठेपर्यंत जवळजवळ तीस लाख अर्ज तिच्यापायी नाकारले गेले. १९३१ साली भत्ता दहा टक्के कापला. पुरुषाचे सतरा शिलिंग सव्वापंधरावर आले. ज्यांच्या विम्याची मुदत संपली, त्यांच्या घरच्या मिळकतीची चौकशी सुरू झाली. मुलगी चार पैसे मिळवू लागली की बापाचा भत्ता घटे.

दुसऱ्या महायुद्धानंतर अंदाज उलट बाजूने चुकला. १९४२ च्या अहवालात बेव्हरिज यांनी साडेआठ टक्के बेकारी धरली होती. पुढील वीस वर्षे ती बहुधा दोन टक्क्यांच्या आसपास राहिली. मात्र मिळकत तपासून द्यावयाची मदत हळूहळू संपेल ही अपेक्षा फोल ठरली. १९४८ साली ती घेणारे सुमारे दहा लाख होते, १९६५ साली वीस लाखांच्या घरात गेले. कारण विम्याचे निवृत्तिवेतन घरभाड्यासह जगण्यास पुरतच नव्हते. शिवाय लाखो वृद्ध हक्क असूनही लाजेपोटी आलेच नाहीत. आकडा लहान दिसला की गरज लहान, असे म्हणता येत नाही ते यामुळे.

महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळानंतर वेगळी वाट धरली. १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने, अंगमेहनतीचे काम मागायला येणाऱ्या ग्रामीण प्रौढाला काम मिळण्याचा हक्क दिला. किती जणांना द्यायचे हे कागदावरच्या अंदाजाने नव्हे, मागणाऱ्याने ठरवायचे. त्याच्या खर्चासाठी १९७५ साली शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसला. तेव्हा श्रोतेहो, हा प्रश्न परक्यांचा नाही. अंदाज जरूर करावा, दरवर्षी नव्याने करावा. पण तो चुकला तर झीज तिजोरीने सोसावी, दाराशी आलेल्या माणसाने नव्हे.